बसवलेला तास

प्रशिक्षणाचा चौथा दिवस उजाडेपर्यंत बाईंच्या कंबरेत उसण भरली होती. पाचवीच्या पोरांसाठी केलेल्या बुटक्या बाकांवर तीस शिक्षिका चार दिवस गुडघे दुमडून बसवल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे उभं राहून इंग्रजी कसं शिकवावं ते सांगत होता एक पोरगेला माणूस. एकेक मुद्दा संपला की तीन टाळ्या वाजवायची त्याला खोड. म्हणून पहिल्याच दिवशी बायकांनी त्याचं नाव टाळीवाले सर पाडून टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण एकोणतीस वर्षं चूल फुंकलेल्या बाईला काडी कशी ओढावी हे शिकवायला येणाऱ्याने निदान डोक्यावर दोन पांढरे केस तरी घेऊन यावेत, एवढंच बाईंचं म्हणणं.

"मॅडम लोक, तुम्ही फार बोलता," टाळीवाले सर म्हणाले. "मी बारा शाळांत घड्याळ लावून बसलोय. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात चाळीस मिनिटं बाई बोलतात. पोरांना भाषा यायची कशी? प्रश्न विचारा आणि गप्प राहा. मनातल्या मनात पाच मोजा. उत्तर येतं."

"पाच मोजेपर्यंत निम्मा वर्ग खिडकीतून पसार होईल, सर," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांना हसू न येण्याचं कारण घरी खाटेवर पडलेलं होतं.

झालं होतं असं, की त्यांच्या शाळेत सकाळच्या पाळीला इंग्रजीच्या दोन बाई होत्या. एक या, आणि दुसरी तीन वर्षांपूर्वी आलेली, जिला सगळे अजून नवीच म्हणत. पुढच्या महिन्यापासून सकाळी एकच राहणार होती. दुसरीने नदीपलीकडच्या शाखेत दुपारच्या पाळीला जायचं, दोन बस बदलून. अकराला घर सोडायचं, सातला परत. कोण राहणार आणि कोण जाणार, ते टाळीवाल्या सरांच्या गुणांवर. ते दोघींचा एकेक तास बघणार, चाळीसपैकी गुण देणार, आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या गुणांकडे बोट दाखवून हात झटकणार. वाईटपणा घ्यायला परका माणूस बरा पडतो.

आणि घरी सासूबाई. सहा महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आत पट्टी घातली, चार पायांची काठी आली, पण खाटेवरून उठवायला माणूस लागेच. बाईंचा नवरा पाण्याच्या पंपावर कामाला, दुपारी बारा ते रात्री आठ. सकाळी तो आईपाशी, दुपारी बाई. दोघं नवराबायको जिन्यात भेटत, पहारा बदलणाऱ्या शिपायांसारखे. किल्ली हातात द्यायची, "गोळी दिलीय" म्हणायचं, की झाला संसार. बाईंना दुपारची पाळी लागली तर म्हातारीला उठवायचं कुणी? नात्यातल्या कुणाचंही नाव काढावं, तर त्याला नेमका त्याच आठवड्यात ताप भरे.

नवीचं रडगाणंही खोटं नव्हतं. आठ महिन्यांचं लेकरू, आणि ते सांभाळणारी तिची आई दुपारी दवाखान्यात नर्स. सकाळ तिलाही हवी होती. पांघरूण एक आणि झोपायचं दोघींनी. जी ओढेल तिचे पाय झाकायचे.

नवीचा तास सोमवारी झाला. छत्तीस गुण.

"ताई, रागावू नका," शिक्षकांच्या खोलीत ती बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"रागावून काय करू? कानामागून आलीस आणि तिखट झालीस. मिरचीला कुणी दोष देतं का?"

नवी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही बसवलात ना तास? बसवा हो. मी पाच वेळा बसवला. पोरांना स्वप्नातसुद्धा उत्तरं येत असतील."

तास बसवणं ही कुठल्याही शाळेतली जुनी रीत. बघायला कुणी येणार असलं की तोच धडा, तेच प्रश्न, चार दिवस आधीपासून नाटकासारखे घोटून घ्यायचे. कोणत्या पोरीने कधी हात वर करायचा, कुणी चुकीचं उत्तर द्यायचं म्हणजे बाई ते प्रेमाने दुरुस्त करतील, आणि जी पोरं काही केल्या बोलत नाहीत त्यांना त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकं पुसायला पाठवायचं. बघणाऱ्याला ठाऊक असतं, बसवणारीला ठाऊक असतं, पोरांना तर सगळ्यांत आधी. लग्नात मुलगी दाखवतात तसंच. तेवढ्या वेळापुरतं सगळ्यांनी खालमानेनं वागायचं.

बाईंनीही मंगळवारी नववीचा वर्ग घेतला आणि दार लावून घेतलं. धडा पोस्टमनचा. तो एका म्हातारीला पत्र देऊन निघतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येतो.

"नीट ऐका. मी विचारणार, 'व्हाय डिड द पोस्टमन कम बॅक?' मग दोन वेण्यांच्या, तू उठायचंस."

दोन वेण्यांची उठली. तोंड उघडलं.

"बिकॉज ही फर्गॉट हिज बॅग. असं म्हणायचं. कळलं? बस खाली. पुढचा प्रश्न. 'व्हॉट डिड द ओल्ड वुमन गिव्ह हिम?' चष्मेवाली, तू. शी गेव्ह हिम वॉटर. बस. पुढे."

घाई होती हो. बारा प्रश्न, पस्तीस मिनिटं, आणि बाहेर पुढच्या तासाची बाई दारावर टकटक करत उभी. बुधवारी पुन्हा एकदा तेच केलं. पोरी उठायच्या, बाई बोलायच्या, पोरी बसायच्या. घड्याळासारखं चाललं. बाईंच्या जिवाला जरा बरं वाटलं.

प्रशिक्षणाचा एक अभ्यास मात्र राहून गेला होता. आपलाच एक तास फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकायचा, आणि तक्त्यात लिहायचं: प्रश्न कोणता, उत्तर कुणी दिलं, मध्ये किती सेकंद गेले. बाईंनी बुधवारच्या तासाला फोन टेबलावर ठेवला होता. दुपारी घरी आल्यावर सासूबाईंना जेवू घातलं, भांडी घासली, आणि त्यांच्या खाटेशी खाली बसून फोन लावला.

स्वतःचा आवाज ऐकण्यासारखी शिक्षा नाही. कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय आणि थांबतच नाही, असा तो आवाज. बाई पेन्सिल घेऊन बसल्या. पहिला प्रश्न. उत्तर: बाई. सेकंद: अर्धा. दुसरा प्रश्न. उत्तर: बाई. सेकंद काही लिहिताच येईना. प्रश्नाच्या शेपटीलाच उत्तर चिकटलेलं.

"बंद कर गं ते," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "डोळा लागत होता."

"पाच मिनिटं, आई. अभ्यास आहे."

"कसला अभ्यास? भांडण चाललंय कुणाचं?"

"भांडण नाही. माझा तास आहे. मी प्रश्न विचारतेय."

सासूबाईंना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांनी थोडा वेळ कान दिला. "विचारतेय तू, आणि सांगतंय कोण?"

"मीच."

"मग पोरींना कशाला घरून बोलावतेस? जा म्हणावं खेळायला." आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

बोलल्या ते काही शहाणपणा म्हणून नाही. झोपमोड झाली म्हणून बोलल्या. पण बाईंची पेन्सिल तिथंच थांबली. बारा प्रश्न, बारा उत्तरं, सगळी बाईंची. एकोणतीस वर्षं. किती पोरी उठल्या असतील तोंड उघडून आणि बसल्या असतील तशाच. बाईंना रडू वगैरे काही आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं. त्यांनी तक्ता खरा होता तसा भरला, खाली सही केली, आणि एकच ठरवलं: उद्या प्रश्न विचारायचा आणि पाच मोजायचे. जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही. गुणही त्यालाच होते.

गुरुवारी टाळीवाले सर मागच्या बाकावर बसले, मांडीवर कागद, हातात घड्याळ. शेजारी मोठ्या बाई. वर्गात पोरी अशा टापटीप, की फोटो काढायला बसवल्यासारख्या. बाईंनी धडा वाचून दाखवला. खडू हातात घेतला.

"व्हाय डिड द पोस्टमन कम बॅक?"

दोन वेण्यांची ठरल्याप्रमाणे उठली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. एक. दोन.

पोरगी बाईंकडे बघत राहिली.

तीन. चार. पाच. बाईंनी दातांवर दात दाबून धरले. बाहेर कुणीतरी बादली आपटली. सहा. सात. पोरीच्या कपाळावर घाम आला. तिच्या डोळ्यांत असं काही होतं, जसं नाटकात समोरचा आपलं वाक्य विसरला की असतं. ती पुढे वाकली आणि तिला वाटलं आपण फार हळू बोलतोय, पण त्या शांततेत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"बाई," ती आपल्या भाषेत म्हणाली, "इथं तुम्ही बोलता."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

आता पाहा. पोरींची काय चूक? जसा बसवला तसा त्यांनी तास पाठ केला होता, अक्षर न अक्षर. उठायचं, तोंड उघडायचं, बाई बोलतील, बसायचं. त्यात बोलायचं कुठं होतं त्यांना? बाईंनी नाटक बसवलं आणि सगळी वाक्यं स्वतःकडे ठेवली.

 एकोणतीस वर्षांत तास चालू असताना त्या खुर्चीला कधी टेकल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. खडू टेबलावर ठेवला. मोठ्या बाई मागून हातवारे करत होत्या, पुढे चला, पुढे चला. पुढं जायला गाडीत काही उरलं तर पाहिजे.

धड्यातला पुढचा प्रश्न त्यांना आठवेना. तोंडून निघालं ते भलतंच.

"व्हॉट शाल आय डू नाउ?" आता मी करू तरी काय?

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. याचं उत्तर बाईंनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते देण्याचा धोकाच नव्हता. त्यांनी आकडे मोजले नाहीत. त्या नुसत्या बसून राहिल्या.

 मग चष्मेवाली बसल्या जागेवरून म्हणाली, "सिट, मॅडम."

"आय ॲम सिटिंग."

कुणीतरी फिसकन हसलं.

"ड्रिंक वॉटर," दुसरी म्हणाली.

"मॅडम टायर्ड," खिडकीपाशी बसणारी म्हणाली. ही ग्रंथालयात पाठवायची राहून गेली होती. वर्षभरात तिने हजेरीशिवाय तोंड उघडलेलं नव्हतं. "माय मदर ऑल्सो टायर्ड. शी कम होम, शी नो टॉक."

"शी डज नॉट टॉक," बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. कडू औषध गिळावं तसं.

"व्हाय?" त्या म्हणाल्या.

"ऑल डे शी टॉक इन शॉप. कम, सिस्टर, कम, गुड क्लॉथ. होम, फिनिश."

"माय फादर नो फिनिश," मागून आवाज आला. "ही टॉक, टॉक, टॉक. लाइक यू, मॅडम."

आता मात्र वर्ग मोकळा हसला. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या, बसल्या. पोरी बोलत होत्या. व्याकरणाचं भजं होत होतं, शब्द सापडला नाही की हाताने दाखवत होत्या, एकीने तर घोरण्याचा आवाज काढून बापाची गोष्ट पुरी केली. दोन वेण्यांची तेवढी अजून उभीच. बाईंनी तिला खुणेनं बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मॅडम, पोस्टमन," ती म्हणाली. "ही फर्गॉट बॅग. आय नो. आय नो इट ट्यूजडे."

घंटा झाली तेव्हा बारांतला एक प्रश्न पुरा झाला होता, अकरा राहिले होते.

मोठ्या बाई आधी निघून गेल्या. जाताना बाईंच्या खांद्यावर थोपटलं, मयताला जाऊन आल्यावर थोपटतात तसं. टाळीवाले सर मागे राहिले. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मॅडम, शेवटची बावीस मिनिटं पोरी बोलल्या," ते म्हणाले. "असा तास मी वर्षात पाहिला नाही."

"मग द्या गुण."

"कसे देऊ? धडा झाला नाही. एकही वाक्य शुद्ध नाही. तुम्ही दुरुस्त केलं नाही. आणि तास बसवलेला होता, हे माझ्यासमोर, मुख्याध्यापिकांसमोर उघड झालं. त्याचे गुण कापावेच लागतात."

"कापा."

ते घुटमळले. "एक विचारू? सोमवारचा तास... त्या दुसऱ्या मॅडमचा. तोसुद्धा बसवलेलाच होता ना? तसं असेल तर दोघींचे कापतो, त्यांचे जास्त; तुमची शेवटची बावीस मिनिटं तरी बसवलेली नव्हती. मग तुम्ही पुढे राहाल."

बाई टेबलावरची पुस्तकं गोळा करत होत्या. एक होकार पुरे होता. मान हलवली असती तरी चाललं असतं. खाटेवर एकटी पडलेली म्हातारी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि तिच्या शेजारी ते आठ महिन्यांचं पोरही कुठून तरी येऊन बसलं होतं.  पुस्तकांचे कोपरे जुळवत राहिल्या.

सरांना पाच आकड्यांचासुद्धा दम निघाला नाही. "जाऊ द्या," तेच म्हणाले. "तुमच्या तोंडून नाही यायचं. आणि पुराव्याशिवाय मलाही लिहिता यायचं नाही."

तेवीस गुण झाले. शुक्रवारी फळ्यावर कागद लागला: एक तारखेपासून बाई नदीपलीकडे, दुपारी, पाचवी आणि सहावी. नवी खोलीत आली, आणि तिने बाईंची पिशवी उचलून फाटकापर्यंत आणून दिली. बाईंनी ती आणू दिली. नाही म्हणण्याचाही कंटाळा आला होता.

जिन्यात नवरा भेटला. त्याने तोंडाकडे बघितलं आणि काय ते समजला. "रात्री बोलू," म्हणाला, आणि किल्ली हातात देऊन गेला.

बाईंनी चपला काढल्या आणि खाटेशी भिंतीला टेकून खाली बसल्या. पदर तसाच, पिशवी तशीच.

"गेली ना सकाळ?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"मेल्यांचे डोळे फुटले की काय! एकोणतीस वर्षं घासली तिथं. आणि त्या कालच्या पोरीला... आणि तूही तसलीच! तोंड चालवतेस घरी, आणि चालवायचं तिथं मूग गिळून बसलीस असशील."

एरवी बाईंनी यावर दहा वाक्यं ऐकवली असती. वर स्वतःच योजनाही मांडल्या असत्या: नणंदेला फोन करते, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवते, दार नुसतं लोटून जाते, अमकं करते, तमकं करते. सहा महिने त्या तेच करत आल्या होत्या. आज त्यांना काही सुचत नव्हतं. डोळे मिटत होते. खोलीत घड्याळ तेवढं वाजत होतं.

सासूबाईंनी वाट पाहिली. सून काहीच बोलत नाही, हे त्यांना नवीन होतं. त्या हातांवर जोर देऊन थोड्या वर सरकल्या.

"खालच्या शिंपिणीला बोलव."

बाईंनी डोळे उघडले.

"तिच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. सुईत दोरा ओवायला रस्त्यावर येते, मी बघते खिडकीतून. आपल्याकडे हा एवढा उजेड फुकट पडलाय. तिला म्हणावं, मशीन वर आण, दुपारभर इथं शिव. तिला उजेड, मला उठवायला दोन हात."

"आई, तुमचं आणि तिचं चार वर्षं बोलणं नाही."

"बोलायला कोण सांगतंय? उठवायला सांगतेय."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू कधी थांबलीस सांगायला?" सासूबाई फणकारल्या. "तुझं आपलं सगळं ठरलेलं."

बाई उठायला लागल्या. "जाऊन विचारते."

"तू काही विचारू नकोस. तू तासभर समजावत बसशील आणि ती बाई नाही म्हणून मोकळी होईल. तिला नुसतं वर पाठव. मी विचारीन."

"तुम्ही?"

"हो, मी. माझं दुखणं, माझी गरज." त्यांनी अंगावरची चादर नीट केली, विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "आधी माझी वेणी घाल. असल्या अवतारात मी तिच्यापुढं हात पसरणार नाही."

बाईंनी फणी आणली. खाटेच्या कडेला टेकल्या आणि गुंता सोडवू लागल्या. हात जड झाले होते, फणी मध्येच थांबत होती.

"ओढू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आणि झोपूही नकोस. वेणी होऊ दे, ती वर येऊ दे. मग हवी तेवढी झोप."